प्रतिसाद: बदकं उजेडात यायलाच तयार नाहीत

ताई, तुमच्या उरणच्या वाडीतली बदकं डोळे मिटून कोपऱ्यात बसतात, हिरवट पातळ हगतात आणि अंडीही घटलीत, हे वाचून मला पहिली शंका डक प्लेगची आली. वर दुसऱ्या प्रतिसादात कुणीतरी रानीखेत (पक्ष्यांचा एक विषाणूजन्य आजार) म्हटलंय, पण रानीखेतचा तडाखा कोंबड्यांना जास्त. बदकं सहसा त्यातून तरतात. डक प्लेग हर्पिस गटातल्या विषाणूचा. पापण्या चिकटतात, उजेड सहन होत नाही, तहान खूप लागते. मेलेल्या नराचं लिंग बाहेर आलेलं दिसलं तर शंका आणखी बळावते. आजार पाण्यातून पसरतो, म्हणून सगळ्यांचं सामाईक डबकं आजच बंद करा. वाचलेलं बदकही विषाणू बाळगून राहतं. नवीन पक्षी त्यात मिसळू नका.

अँटिबायोटिकने विषाणू मरत नाही, फक्त मागून येणारे जिवाणू आवरतात. लस आहे, साधारण दोन महिन्यांच्या बदकांना देतात. फक्त लहान पिल्लंच मान मागे टाकून पटापट मरत असती तर मी विषाणूजन्य हेपटायटिस (यकृताचा आजार) म्हटलं असतं; तो मोठ्यांना सहसा होत नाही.

बर्ड फ्लूही डोक्यातून काढू नका. २०२२च्या फेब्रुवारीत ठाणे जिल्ह्यात शहापूरच्या वेहळोलीत तो निघाला होता. बदकं कधीकधी ठणठणीत दिसत तो कोंबड्यांना देतात, आणि आपल्याकडे खाडीत रानबदकं उतरतातच. मेलेलं बदक घरी चिरू नका, उघड्या हाताने उचलूही नका. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आजच कळवा, नमुना तेच घेतील.