एफवायबीएस्सीची केमिस्ट्री अजिबात झेपत नाहीये, काय करू?

उदगीरची_पोर
नमस्कार सगळ्यांना. मी यंदा पुण्यात एफवायला ॲडमिशन घेतलंय. दहावीपर्यंत मराठी मीडियम, सायन्सला मार्क चांगले होते. अकरावी-बारावी नीटच्या क्लासमध्ये गेली, तिथं नुसते एमसीक्यू सोडवायचे, आणि प्रॅक्टिकल म्हणजे शेवटच्या महिन्यात मैत्रिणीचं जर्नल उतरवून काढलं, खरं सांगायचं तर ब्युरेट (खाली तोटी असलेली, खुणांची काचेची नळी) कधी हातात धरलीच नव्हती. नीटचं जमलं नाही म्हणून बीएस्सी घेतलं, पण केमिस्ट्री मला मनापासून आवडते म्हणूनच घेतलंय. आता इंटर्नलला २० पैकी ४ आलेत. सर इंग्लिशमधून भराभर शिकवतात, मी लिहून घेते आणि रूमवर येऊन वाचते तर काहीच लागत नाही. प्रॅक्टिकलला ऑक्झॅलिक ॲसिड आणि सोडियम हायड्रॉक्साइडचं टायट्रेशन होतं, म्हणजे एक द्रावण दुसऱ्यात थेंब थेंब सोडून किती लागतं ते मोजायचं. माझी रीडिंग आली ९.८, १०.६, ९.२ मिली, तिन्ही जवळपास सारखी यायला हवी होती, आणि वर तोंडीला विचारलं की ०.१ नॉर्मल (द्रावण किती तीव्र ते सांगणारं माप) करताना ६३ कुठून आलं, मी गप्प उभी राहिले. घरी सांगायची हिंमत होत नाहीये, वडिलांनी हॉस्टेलचे पैसे कसे भरलेत ते मला माहितीये. बदलून दुसरा विषय घ्यावा का?

एसवाय_केमवाला
विषय बदलू नको. मला पहिल्या इंटर्नलला ६ होते, आमच्या बॅचला निम्म्या पोरांचं तसंच होतं. एकच सांगतो, रात्री नोट्स वाचत बसू नको, वाचून केमिस्ट्री येत नाही. सरांनी फळ्यावर सोडवलेलं उदाहरण वही बंद करून कोऱ्या कागदावर परत सोडवून बघ, जिथं अडशील तिथंच खरी अडचण आहे. आणि प्रत्येक आकड्यापुढं युनिट लिही. गॅसच्या गणितात आर, म्हणजे गॅस कॉन्स्टंट, कधी ८.३१४ घेतात कधी ०.०८२१, माझे सगळे मार्क तिथंच जायचे. प्रेशर ॲटमॉस्फिअरमध्ये आणि व्हॉल्यूम लिटरमध्ये असेल तर ०.०८२१, ज्यूलमध्ये उत्तर हवं असेल तर ८.३१४. युनिट लिहिलं की कुठला घ्यायचा हे आपोआप कळतं, पाठ करावं लागत नाही.

लॅबवाली_मावशी
बाळा, मी २२ वर्षं कॉलेजच्या लॅबमध्ये डेमॉन्स्ट्रेटर होते. तुझ्यासारख्या कितीतरी मुली पाहिल्यात, दर जुलैला एखादी तरी बेसिनपाशी डोळे पुसत उभी असायची. तुझ्यात काही कमी नाहीये, तुझी दोन वर्षं हाताने काम न करता गेली एवढंच झालंय.

आधी ते ६३. ऑक्झॅलिक ॲसिडचे आपल्या बाटलीतले जे खडे असतात त्यात पाण्याचे दोन रेणू अडकलेले असतात. ॲसिडचे ९०, पाण्याचे १८ दुणे ३६, झाले १२६. आता या ॲसिडचा एक रेणू सोडियम हायड्रॉक्साइडच्या दोघांना पुरतो, म्हणून १२६ भागिले २, ६३. एक नॉर्मलला लिटरमागे ६३ ग्रॅम, ०.१ ला ६.३, आणि तुम्ही १०० मिली केलं असेल तर ०.६३ ग्रॅम. पाणी विसरून ९० धरलं की ४५ येतं आणि पुढचं सगळं गणित चुकतं, ही चूक मी शेकड्याने पाहिलीय.

मोलची भीती वाटत असेल तर हार्डवेअरच्या दुकानात जाऊन बघ. खिळे कोणी मोजून देत नाही, वजनावर देतात, पण एका खिळ्याचं वजन माहीत असलं की किलोत किती आले ते सांगता येतं. मोलचं काम तेच, तराजूवरून संख्येवर यायचं. १८ ग्रॅम पाणी घेतलंस की त्यात ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके रेणू आले, म्हणजेच एक मोल. रिॲक्शन होते ती संख्येनं, ग्रॅमनं नाही, म्हणून आधी मोल काढायचे.

आता तुझी रीडिंग. १०.६ बहुतेक दोन कारणांनी येतं. ब्युरेटच्या तोटीत हवेचा बुडबुडा अडकलेला असतो आणि टायट्रेशन चालू असताना तो निघतो, किंवा गुलाबी गडद झाल्यावर तू थांबलीस. फिनॉल्फ्थॅलीनचा, म्हणजे रंग बदलून शेवट दाखवणाऱ्या इंडिकेटरचा, गुलाबी इतका फिका हवा की फ्लास्कखाली पांढरा कागद ठेवल्याशिवाय दिसू नये, आणि हलवल्यावर अर्धा मिनिट टिकला की बास. ९.२ ला पिपेट (ॲसिड मोजून घ्यायची नळी) बघ, कमी भरली गेली असेल. रीडिंग घेताना डोळा खुणेच्या रेषेत ठेव. भरून झालं की वरचं फनेल काढून टाक, त्यातून थेंब पडत राहतो. पिपेटच्या टोकातला शेवटचा थेंब फुंकायचा नाही, काचेला टेकवायचा आणि सोडून द्यायचं. ब्युरेट आणि पिपेट ज्यात जे भरायचं त्यानंच विसळ, कोनिकल फ्लास्क मात्र फक्त डिस्टिल्ड वॉटरनं. १० मिली ॲसिडला ९.८ लागले असते तर ०.१ गुणिले १० भागिले ९.८, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड ०.१०२ नॉर्मल, गुणिले त्याचे ४०, लिटरमागे ४.०८ ग्रॅम.

लॅब असिस्टंटला विचारून जास्तीच्या वेळात दोनदा करून बघ. हो म्हणतात ते, नीट विचारलं तर.

कोकणी_केमिस्ट
मावशींनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त इंग्लिशबद्दल बोलतो कारण माझंपण मराठी मीडियम, आता औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे क्वालिटी तपासणीला आहे. ई-बालभारतीवर नववी-दहावीची विज्ञानाची पुस्तकं मराठी आणि इंग्लिश दोन्ही फुकट मिळतात, तोच धडा दोन्हीतून समोरासमोर ठेवून वाच. संहती म्हणजे कॉन्सन्ट्रेशन, क्षपण म्हणजे रिडक्शन, अवक्षेप म्हणजे प्रेसिपिटेट, हे तुला सगळं येतंच आहे गं, फक्त नाव नवीन आहे. मला पंधरा दिवस लागले.

एसवाय_केमवाला
हे मला पटत नाही दादा, परीक्षा इंग्लिशमध्ये आहे तर सरळ इंग्लिशच शब्द घोकावेत, दोनदा मेहनत कशाला.

कोकणी_केमिस्ट
शब्द घोकायला इंग्लिशच घे, पण समजून घेताना ज्या भाषेत आईशी बोलतो तीच लागते. माझा अनुभव सांगतोय.

उदगीरची_पोर
सगळ्यांचे खूप खूप आभार, काल रात्री वाचून रडूच आलं. आज लॅबमधल्या काकांना विचारलं, त्यांनी चार ते पाच बसू दिलं. तोटीत खरंच बुडबुडा होता मावशी! आजची रीडिंग ९.९, ९.९, ९.८. ६३ चं मैत्रिणीला समजावून सांगितलं, तिला कळलं. संध्याकाळी आईला फोन करून ४ मार्कांचं पण सांगितलं. विषय बदलत नाहीये. पुढच्या आठवड्यात पोटॅशियम परमँगनेट आहे, त्यात इंडिकेटर नसतो म्हणे, मग कळणार कसं?

लॅबवाली_मावशी
शाब्बास. परमँगनेटचा स्वतःचाच रंग पुरतो. ऑक्झॅलिकमध्ये डायल्यूट सल्फ्युरिक घालून ६०-७० डिग्रीपर्यंत गरम कर. पहिला थेंब टाकलास की जांभळा रंग बराच वेळ जाणार नाही, घाबरून दुसरा टाकू नको, थांब. एकदा मँगनीज तयार झालं की तेच पुढची रिॲक्शन पळवतं आणि मग थेंब पडताक्षणी रंग उडतो. तपकिरी दिसलं तर ॲसिड कमी पडलंय. आणि ब्युरेटमध्ये रंग इतका गडद असतो की द्रावणाच्या पृष्ठभागाची खालची कड दिसत नाही, तिथं वरची वाच.