शब्दचर्चा : ‘आपले किती झाले?’ आणि परदेशातली टिप

परदेशी सहलीच्या बसमध्ये एक प्रश्न सतत कानावर पडतो : ‘आपले किती झाले?’ पॅरिसला कोणी एक युरो देऊन स्वच्छतागृहात जाऊन आलं की मागच्या सीटवरून आवाज येतो, ‘अगं बाई, आपले शंभर!’ रुपये हा शब्द कोणी उच्चारतच नाही. ‘आपले’ हेच चलनाचं नाव. या वापराबद्दल जाणकारांनी लिहावं.

जोडीला दुसरी शंका. टिपेला बक्षिसी, खुशाली, चहापाणी असे शब्द आहेत, पण परदेशी हॉटेलात बिल आलं की यातला एकही तोंडात येत नाही. असं का होत असावं?

प्रतिसाद

‘आमचे किती झाले?’ असं कोणी विचारत नाही, हे महत्त्वाचं. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’मध्ये तो आत येतो. ‘आपले’ म्हटलं की अख्खी बस एका बाजूला आणि गल्ल्यावरची बाई दुसऱ्या बाजूला.

टिपेचा घोळही इथूनच सुरू होतो, कारण तीही ‘आपल्या’तच मोजली जाते. युरोपात दोन युरो ठेवायचे तर ‘दोनशे रुपये कशाला?’ म्हणून हात आखडतो. व्हिएतनाममध्ये उलटं. तिथे आमच्या गटाने युक्ती काढली होती : शेवटची तीन शून्यं झाकायची आणि उरलेल्या आकड्याला तीनने गुणायचं, की ढोबळ ‘आपले’ निघतात. वीस हजार डाँग म्हणजे साठेक रुपये. खिशात लाखांच्या नोटा, त्यामुळे सगळेच कर्णाचे अवतार. पण वीस हजाराची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळसरच. अंधुक दिव्यात एका काकांनी नावाड्याला वीस हजार समजून पाच लाख दिले, म्हणजे ‘आपले’ पंधराशेच्या वर. नावाड्यानेच हाक मारून नोट परत केली. काकांनी ती खिशात घातली आणि वीस हजाराची काढून दिली. बरोबरच होतं म्हणा, पण बघवत नव्हतं.

प्रतिसाद (न्यू जर्सी)

आमच्या घरात ‘आपले’चे दोन अर्थ नांदतात. आई-बाबा आले की ‘आपले’ म्हणजे रुपये; इथेच वाढलेल्या मुलीला ‘आपले’ म्हणजे डॉलरच वाटतात.

टिपेवरून तर दरवर्षी वाद. वेट्रेस कार्डाचं यंत्र पुढे करते, त्यावर १८, २०, २२ टक्क्यांची बटणं असतात, आणि बाबा चष्मा वर करून खालचं ‘नो टिप’ शोधतात. ‘जेवणाचे पैसे दिले ना? मग हे कशाचे?’ त्यांच्या डोक्यात ती बक्षिसी आहे, म्हणजे देणाऱ्याची मर्जी. प्रत्यक्षात ती मजुरी आहे. टिप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने स्वतः द्यायचं किमान वेतन अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने तासाला २.१३ डॉलर आहे, आणि तो आकडा १९९१ पासून हललेला नाही. टिप धरूनही तासाचे ७.२५ डॉलर, म्हणजे नेहमीचं किमान वेतन, भरले नाहीत, तर फरक मालकाने द्यायचा. बऱ्याच राज्यांचे दर याहून वरचे आहेत, पण बहुतेक ठिकाणी पद्धत तीच : पगाराचा मोठा भाग गिऱ्हाइकाच्या खिशातून. हे सांगितल्यावर बाबा म्हणाले, ‘मग जेवणाची किंमतच वाढवा की.’ यावर माझ्याकडे उत्तर नाही, कारण फ्रान्समध्ये नेमकं तेच करतात. तिथे सेवेचे पैसे किमतीतच धरलेले असतात. वर चार नाणी ठेवली तर ठेवली.

प्रतिसाद

‘बक्षीस’ मूळ फारसी. तोच शब्द तुर्कस्तानात ‘बहशिश’ आणि इजिप्तमध्ये ‘बकशीश’ म्हणून रोज चलनात आहे, टिप या अर्थाने. आपल्याकडे मात्र तो शाळेच्या समारंभात आणि रजिस्ट्रार कचेरीत जाऊन बसला : एकीकडे बक्षीस समारंभ, दुसरीकडे बक्षीसपत्र. म्हणून कैरोत दार उघडून देणाऱ्याने ‘बकशीश’ म्हटलं की मराठी माणसाला हसू फुटतं. टिपेसाठी मागे उरली ती ‘बक्षिसी’.

‘चहापाणी’चं दुर्दैव वेगळं. जर्मन ‘ट्रिंकगेल्ट’ आणि फ्रेंच ‘पुरबुआर’ दोन्ही पिण्याचे पैसे. रशियन ‘चायेव्ये’ तर थेट चहाचे. त्या भाषांत हे शब्द उजळ माथ्याने वावरतात. आपल्या चहापाण्याला टेबलाखालचा वास लागला आणि शब्द बाद झाला. ‘पोस्त’ मला फार आवडतो, पण तो दिवाळी-शिमग्याला बांधलेला आणि ओळखीच्या माणसासाठी. पुन्हा कधीही न भेटणाऱ्या वेटरला पोस्त कसं देणार?

प्रतिसाद

‘खुशीने द्या’ हे तर मला धमकीसारखं ऐकू येतं.

प्रतिसाद

जपानचा उल्लेख राहिला. तिथे टेबलावर नाणी ठेवून निघालात तर विसरलात असं समजून माणूस मागे धावत येतो. बिलाचे पैसेसुद्धा छोट्या तबकात ठेवायचे, हातात कोंबायचे नाहीत. पारंपरिक सरायांत सेविकेला काही देण्याची ‘कोकोरोझुके’ नावाची रीत आहे, पण ते पैसे पाकिटात घालून आणि मुक्कामाच्या सुरुवातीलाच. आपल्या आहेराच्या पाकिटासारखं. उघडी नोट पुढे करणं तिथे असभ्य.

प्रतिसाद

मूळ प्रश्नाकडे येतो. ‘आपले’ खरा अडचणीत येतो नेपाळात. तिथल्या रुपयाचा दर १९९३ पासून भारतीय रुपयाशी बांधलेला आहे, आपले शंभर म्हणजे त्यांचे एकशे साठ. दोन्हींचं नाव रुपयाच. त्यामुळे पोखऱ्याला दुकानदार आकडा सांगून लगेच जोडतो, ‘आयसी’ की ‘एनसी’, म्हणजे भारतीय की नेपाळी. आपली शंभराची नोट तिथे सहज चालते, आणि ‘आपलीच चालते ना’ म्हणून पुष्कळ जण नेपाळी पैसे घेतच नाहीत. एकदा आमच्यातल्या एकांनी ड्रायव्हरला सांगितलं, ‘पाचशे टिप देतो.’ तो खूश झाला. हातात नेपाळी पाचशे पडल्यावर त्याने शांतपणे विचारलं, ‘दाई (म्हणजे दादा), आयसी नव्हे?’ त्या दिवशी दोन तास बसमध्ये याच एका मुद्द्यावर खल चालला होता, आणि बहुमत ड्रायव्हरच्या बाजूने पडलं.