मेरी लिंकन: वेडी होती की मुलाने वेडी ठरवली?

अनिकेत (धागाकर्ता): लिंकनने यादवी युद्ध जिंकलं, पण घरात हरला. बायको उधळी, तोंडाळ आणि शेवटी वेडी. तिचं एवढं कौतुक कशासाठी?

नर्मदा: वाचून संताप झाला. १९ मे १८७५ ला तिला शिकागोच्या हॉटेलातून थेट कोर्टात नेलं. वकीलही मुलाच्या बाजूने ठरवलेला. त्याने तिच्यासाठी एकही साक्षीदार उभा केला नाही. १२ पुरुषांच्या ज्युरीने त्याच दिवशी वेडी ठरवलं, मग तिची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात झाली आणि पैशांचा ताबा गेला रॉबर्टकडे, पोटच्या पोराकडे! चारपैकी तीन मुलं तिच्या डोळ्यांदेखत गेली, शेजारी बसलेल्या नवऱ्याला डोक्यात गोळी घातली. कोण शहाणं राहील?

अनिकेत: दुःख कुणाला चुकलंय? राहायची हॉटेलात आणि विकत घ्यायची लेसचे पडदे. कपड्यांत हजारो डॉलरचे रोखे शिवून फिरायची. फ्लोरिडातून तार केली, रॉबर्ट मरणाच्या दारात म्हणून; तो ठणठणीत! मुलाने करायचं काय?

शुभदा: रोखे अंगावर शिवले म्हणजे वेड? एकट्या बाईला दुसरी कुठली जागा सुरक्षित वाटणार? माझी मावशी शिक्षिका. काका गेल्यावर झोपेच्या गोळ्या सुरू होत्या. तेवढ्या चिठ्ठ्या दाखवून दिरांनी 'हिला काही समजत नाही' असं गावभर केलं आणि जमिनीच्या कागदावर अंगठा घेतला. आयुष्यभर सही करणाऱ्या बाईचा अंगठा!

वसंतकाका: फेरफाराची नोटीस निघते, हरकत घेता येते. तेव्हा तुम्ही सगळे कुठे होतात?

शुभदा: नोटीस दिरांनीच घेतली, काका! घरातली बाई दारापर्यंत येऊ शकते का, हे आधी विचारा.

वसंतकाका: आवाज चढवू नका. आमच्या धाकट्या भावाने आईला दहा वर्षं सांभाळलं, तरी बहिणींनी त्यालाच चोर ठरवलं. प्रत्येक मुलगा रॉबर्ट नसतो.

नर्मदा: रॉबर्टवर या. तिच्या सुटकेसाठी कोण झटलं? मायरा ब्रॅडवेल. वकिलीची परीक्षा पास, पण विवाहित बाई म्हणून इलिनॉयने सनद नाकारली आणि १८७३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानेही ते उचलून धरलं. तिने पत्रं लिहिली, वर्तमानपत्रांत बोभाटा केला. चारेक महिन्यांत मेरी बहिणीकडे स्प्रिंगफील्डला आली. जून १८७६ मध्ये दुसऱ्या ज्युरीने शहाणी ठरवलं.

अनिकेत: कोर्टाने घाई केली, एवढं मान्य. पण भास तिला होत होते, हे विसरू नका. दुसरा निकाल आला म्हणून ते खोटे ठरत नाहीत.

नर्मदा: भास होते तर उपचार करा, तिजोरीची किल्ली कशाला काढून घेता? निकालानंतर लगेच तिने रॉबर्टला पत्र लिहून आपल्या वस्तूंची यादी धाडली, चित्रं आणि चांदीची भांडी परत मागितली, लूट पुरे झाली असं बजावलं. काय काय नेलंय, हे नीट आठवत होतं तिला.