गळू, विद्रधी की नुसता ‘पू’?

धंतोलीकर
एका रुग्णालयासाठी नातेवाइकांना द्यायचं माहितीपत्रक मराठीत करतो आहे. विषय स्पायनल एपिड्युरल अ‍ॅबसेस, म्हणजे कण्याच्या आत, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर साठलेला पू. मी ‘पाठीच्या कण्यातलं गळू’ लिहिलं. तपासणाऱ्या मॅडमनी ते खोडून ‘विद्रधी’ हा अ‍ॅबसेससाठीचा संस्कृत शब्द घातला. इतवारीत दोघांना विचारून पाहिलं, तर एकाला ते काढ्याचं नाव वाटलं. काय ठेवू?

संत्रागल्ली
गळू नका ठेवू भाऊ. काहून, ते सांगते. बाबांना शुगर. मानेवर केसतूड झालं, ते बसलं. नंतर पाठ धरली, बारीक ताप. एका दवाखान्यात एक्स-रे चांगला आला म्हणून पट्टा आणि गोळ्या देऊन घरी पाठवलं. आठवड्यानं एमआरआय झाला तेव्हा आम्हाला सांगितलं, “पाठीत गळू झालंय, मोठ्या दवाखान्यात न्या.” गळूच आहे म्हणून आम्ही सकाळी निघायचं ठरवलं. आईनं जवसाची पोटीस शिजवायला घेतली. रात्री बाबा पलंगाच्या कडेला बसले आणि मला म्हणाले, “माझ्या पायात चप्पल आहे का, पाह्य बरं.” चप्पल पायातच होती. पहाटे लघवी अडली. तो शब्द ऐकून आम्ही एक अख्खी रात्र घालवली.

वॉर्डातला
ताई, वाचून फार वाईट वाटलं. असंच घडतं. ताप, पाठदुखी आणि पायांतली ताकद जाणं हे तिन्ही एकाच वेळी थोड्याच रुग्णांत दिसतं. एक्स-रेत सुरुवातीला काही कळत नाही, गॅडोलिनियम (शिरेतून द्यायचं, चित्र ठळक करणारं द्रव्य) देऊन एमआरआय करावा लागतो. जंतू बहुतेकदा स्टॅफिलोकोकस ऑरियस. तो केसतुडातून रक्तात आणि रक्तातून कण्यापर्यंत पोचतो. ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) घ्यायचं, अँटिबायोटिक सुरू करायचं, मज्जारज्जूवर दाब असेल तर लॅमिनेक्टमी (मणक्याच्या मागच्या हाडाचा भाग काढायची शस्त्रक्रिया) करून पू काढायचा. पुढे साधारण ६ आठवडे अँटिबायोटिक, बरेचदा शिरेतूनच. पाय पूर्ण लुळे पडून २४ ते ३६ तास उलटले, की ते परत चालण्याची आशा फार कमी उरते.
शब्दाचं म्हणाल तर वॉर्डात सगळे ‘पस झाला’ म्हणतात. ‘मणक्यात पू’ लिहा.

शब्दवेडा
‘मणक्यात’ चूक. मणका म्हणजे हाड, हाडातला पू हा वेगळा आजार. हा पू हाड आणि मज्जारज्जूचं आवरण यांच्या मधल्या फटीत असतो. आणि विद्रधीला नावं ठेवण्याआधी आयुर्वेदातल्या चरकसंहितेचं सूत्रस्थान, अध्याय १७ बघा. शीघ्र विदाह (जळजळ होऊन पिकणं) होतो म्हणून विद्रधी, अशी व्युत्पत्ती तिथे दिली आहे. बाह्य आणि आभ्यंतर असे भेदही आहेत. ताईंना हवी ती घाई या शब्दातच आहे.

संत्रागल्ली
शब्दात असेल, आमच्या कानात नाही ना. आईला ‘विद्रधी’ म्हटलं असतं, तर तिनं आधी अर्थ विचारला असता.

शब्दवेडा
तेच तर! अर्थ विचारला असता, तर डॉक्टरांना समजावून सांगावं लागलं असतं. ओळखीच्या शब्दानं तो प्रश्नच विचारू दिला नाही.

धंतोलीकर
हा मुद्दा माझ्या मनात आला नव्हता. पण पत्रक रात्री २ वाजता वाचणाऱ्याला विचारायला कोण असेल?

वॉर्डातला
आणखी एक अडचण. आपल्याकडे मणक्याचा टीबीही भरपूर. त्याच्या ‘कोल्ड अ‍ॅबसेस’ला ‘थंड गळू’ म्हणतात, तो महिनोन्‌महिने चालतो. दोन्हींना गळूच म्हटलं तर गोंधळ होणार.

सावनेरी
‘तो’ चालतो की ‘ते’ चालतं? गळू नपुंसकलिंगी.

वॉर्डातला
आमच्या घरी ‘गळू झाला’ असंच म्हणतात.

सावनेरी
हिंदीतल्या ‘फोडा’च्या संगतीनं झालं असेल. गळतं ते गळू, असं माझी आजी सांगायची.

शब्दवेडा
गळण्याशी संबंध जोडायला आधार हवा. पिकेपर्यंत ते गळत कुठे? उलट ठणकतं.

सावनेरी
पिकल्यावर गळतं, नाव त्यावरूनच पडणार. आजीकडे प्रत्येकाला वेगळं नाव होतं. केसाच्या मुळाशी केसतूड, काखेत काखमांजरी, शुगरवाल्यांच्या पाठीवर अनेक तोंडांची काळपुळी.

संत्रागल्ली
काळपुळी म्हटलं की आमच्याकडे म्हातारी माणसं लगेच गाडी सांगायची. त्या शब्दाची भीती होती.

शब्दवेडा
पण काळपुळी कातडीवरची. कण्याच्या आत ती कशी चालेल?

सावनेरी
काळपुळी की काळफुली? आमच्याकडे दोन्ही ऐकलंय.