बांबूच्या कोरीव कलमदानाविषयी माहिती हवी आहे

प्रश्न (सदाशिव पेठ, पुणे):
माझ्या आजोबांच्या मेजावर बांबूचे एक वीतभर उंचीचे कोरीव भांडे असे आणि त्यात ते बोरू व टाक ठेवत. ते चिनी आहे, एवढेच घरात सांगितले जाते. तांबूस पृष्ठभागावर पाइनचे झाड, खडक आणि त्याखाली बसलेले दोन वृद्ध असे फिकट पिवळे चित्र किंचित उठून दिसते. गेल्या उन्हाळ्यात त्याला काठापासून दोन बोटे चीर गेली. ही वस्तू नेमकी काय आहे आणि खोबरेल तेल चोळल्यास चीर थांबेल का, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १:
हे कुंचले ठेवण्याचे पात्र असावे. चिनीत त्याला ‘बितोंग’ म्हणतात. आपल्या वर्णनावरून काम ‘लिउछिंग’ पद्धतीचे वाटते. या शब्दाचा अर्थच ‘हिरवे राखणे’ असा आहे. चित्रापुरती बांबूची पातळ साल ठेवून भोवतालचा भाग तासून काढतात. साल वाळून पिवळसर होते, उघडा पडलेला गाभा मात्र वर्षागणिक तांबूस होत जातो, त्यामुळे रंगाचा थेंबही न वापरता चित्र काळाबरोबर अधिक स्पष्ट होते. सतराव्या शतकातील जांग शिहुआंग हा कारागीर साल कुठे पूर्ण, कुठे अर्धी, तर कुठे नावापुरती ठेवून शाईच्या चित्रासारख्या छटा साधत असे, आणि मला या कलेतील हाच सर्वांत अवघड भाग वाटतो. खोल, अनेक पदरी कोरीवकामासाठी चीनच्या मिंग राजवटीच्या काळातील ज्यादिंग गावचे जू घराणे प्रसिद्ध आहे. त्यातील दुसऱ्या पिढीच्या जू यिंगने कोरलेली उदबत्तीची नळी 1966 मध्ये शांघायजवळच्या बाओशान येथील एका थडग्यात सापडली. ती आता शांघाय संग्रहालयात आहे. अशा मोठ्या कारागिरांची नावे पुढे कितीतरी वस्तूंवर कोरली गेली, म्हणून सहीवरून काळ ठरवू नये. सालीच्या कडा भिंगातून पाहाव्यात.

प्रतिसाद २:
आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या बुरूडकाम चालत आले आहे, म्हणून चिरेविषयी लिहितो. बांबूत आडवे धागे नसतात. सगळे उभे असतात, सालीजवळ दाट आणि आत विरळ. त्यामुळे वाळताना आतला व बाहेरचा भाग सारखा आकसत नाही आणि गोल कांडे उभे फाटते. पुण्यातील एप्रिल-मेची कोरडी उष्णता आणि लगेच येणारा पावसाळा त्याला फार ताण देतो. तेल मुळीच लावू नका. त्यावर धूळ बसेल आणि साल व गाभा यांच्या रंगांतील फरक मंदावेल. गोंदाने चीर दाबून बसवू नका, कारण आकसण्याला वाट मिळाली नाही तर बांबू दुसरीकडे फाटतो. पात्र रिकामे करून, खिडकी आणि वातानुकूलन यंत्रापासून दूर, बंद कपाटात ठेवा. पावसाळ्यात कोरड्या मऊ कुंचल्याने झटका आणि खाली पिठासारखा भुगा पडलेला दिसला, तर कीड लागली आहे असे समजून ते इतर वस्तूंपासून वेगळे करा.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. आजच पात्र कपाटात ठेवले. त्यासोबत बांबूची उभी चिरलेली, किंचित बाकदार, कोरीव पट्टीही आहे. आम्ही ती कागदांवर वजन म्हणून ठेवत होतो.

प्रतिसाद १:
ती बहुधा मनगट टेकवण्याची पट्टी असावी. चिनी लेखनाच्या उभ्या ओळी उजवीकडून डावीकडे सरकत असल्याने लिहिणाऱ्याचा हात आणि सैल बाही नुकत्याच लिहिलेल्या ओल्या ओळींवर येत असे. पट्टीच्या कमानीखाली शाई सुरक्षित राही. तीही पात्राशेजारीच ठेवावी.