मदत हवी आहे: घरी बांधलेल्या स्पोर्ट्स कारसाठी हलकं इंजिन कोणतं?

नमस्कार मंडळी. मी इंग्लंडमध्ये असतो. गॅरेजमध्ये लोटस सेव्हन या हलक्या, उघड्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धर्तीवर दोन सीटची गाडी बांधतोय. चेसिसचं वेल्डिंग झालंय, आता इंजिनापाशी घोडं अडलंय. वजन ६०० किलोच्या आत ठेवायचंच आहे.

सुझुकी हायाबुसा या मोटरसायकलचं १३४० सीसी इंजिन मनात भरलंय. गिअरबॉक्स त्यातच, ताकद १९० अश्वशक्तीच्या आसपास. पण रिव्हर्स नाही, त्याची सोय वेगळी करावी लागते. शिवाय लांबलचक वळणावर ऑइल संपच्या (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्याच्या) एका बाजूला सरकतं, ऑइल पंप हवा ओढतो आणि बेअरिंग खराब होतात. ही धास्ती मोठी आहे. नुसत्या बॅफलवर (संपमधलं तेल सरकू न देणाऱ्या आडव्या पट्ट्यांवर) कोणी ट्रॅकवर गाडी पळवलीय का, की ड्राय संपच (तेल वेगळ्या टाकीत ठेवायची सोय) हवा?

दुसरा पर्याय फोर्डचं २ लिटर ड्युराटेक. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, खालच्या आरपीएमलाही चांगलं ओढतं. रोजच्या रस्त्यावर मला तेच बरं वाटतं. स्वतः बसवलेल्यांनी कृपया सांगा.