संगणक तासिकेला ऑफिस कोणतं शिकवायचं: मशीनमधलं की ऑनलाइन?

धारणीकडचा मास्तर:
आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत विषय निघाला की सहावी ते आठवीच्या पोरांना लेखन, तक्ते, सादरीकरण सगळं गुगल डॉक्स-शीट्सवरच, म्हणजे गुगलच्या ऑनलाइन ऑफिसवरच शिकवायचं. माझा याला विरोध आहे. मेळघाटात नेटचा भरवसा नाही, निम्मी तासिका लॉगिन होण्यातच जाते. लिब्रेऑफिस हे मशीनमधलं ऑफिस पेनड्राइव्हवरून एकदा टाकलं की नेट लागत नाही, फुकट आहे, मेनू मराठीत करता येतो. क्रॅक केलेलं काही वापरायची पाळी येत नाही.

आम्ही सातवीला पोषण आहाराचा हिशोब कॅल्कमध्ये, म्हणजे लिब्रेऑफिसच्या तक्त्यांच्या भागात करायला देतो. पहिली ते पाचवीला रोज माणशी 100 ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला 150. हजेरीचा आकडा टाकायचा, शेजारच्या रकान्यात सहावी ते आठवीसाठी =B2*0.15 (तांदूळ किलोत) लिहून खाली ओढायचं. एका पोरीने दोन्ही गटांना एकच सूत्र लावलं होतं. बेरीज फुगल्यावर तिनेच ओळीने तपासून चूक धरली. हे सगळं नेट नसलेल्या दिवशी झालं.

यवतमाळची संगणक शिक्षिका:
सर, हिशोबाचा धडा छान आहे. पण शाळा सुटली की तुमचं कॅल्क शाळेतच राहतं. पोरांच्या घरी संगणक नाही, वडिलांचा फोन आहे. शीट्स त्यावर उघडतं. शिवाय एकाच फाइलवर चार पोरं बसली तर कोणी काय लिहिलं हे व्हर्जन हिस्टरीत दिसतं, म्हणून एकच हुशार पोरगा सगळं करून टाकत नाही. वीज गेली तरी लिहिलेलं जात नाही. आणि तुमची मशीन विंडोज 7 ची असतील तर लिब्रेऑफिसची 25.8 ही आवृत्ती त्यांवर चालतच नाही, जुनी आवृत्ती शोधावी लागते.

धारणीकडचा मास्तर:
मॅडम, वीज गेली की राउटरही बंद पडतो. लिब्रेऑफिसमध्ये आपोआप जतन होण्याचं अंतर मुळात 10 मिनिटं असतं, ते ऑप्शन्समध्ये जाऊन 2 करून ठेवा. जुनी आवृत्ती लागते हे खरं, पण ती मिळते आणि नीट चालते. वडिलांच्या फोनचं म्हणाल तर फोन वावरातून संध्याकाळी घरी येतो, रिचार्ज असेल तर. ज्या पोराच्या घरी तोही नाही त्याने गृहपाठ कुठे करायचा?

अकोल्याचा पालक:
खात्यांचं काय? 13 वर्षांखालच्या मुलाला स्वतःचं साधं गुगल खातं उघडता येत नाही, पालकाच्या देखरेखीखालीच मिळतं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तर 18 खालचा प्रत्येक जण बालक आहे आणि पालकाची संमती लागते. जन्मसाल खोटं टाकून खाती उघडणं मला मुळीच मान्य नाही. शाळांसाठीची गुगलची वर्कस्पेस योजना फुकट मिळते, पण शाळेचं डोमेन, म्हणजे शाळेच्या नावाचा इंटरनेट पत्ता लागतो, खाती सांभाळणारा माणूस लागतो. दोन शिक्षकी शाळेत तो कोण?

तिवस्याचा भाऊ:
सगळ्याइचं वाचलं, पण फॉन्टचं कोणीच बोलून नाही राहिलं बाप्पा. कृतिदेव या जुन्या फॉन्टमधली प्रश्नपत्रिका डॉक्सवर चढवली का भलतीच अक्षरं दिसते. ज्या मशीनवर तो फॉन्ट नाही तिथं लिब्रेऑफिसमध्येबी तेच. पयले पोट्ट्याइले युनिकोडात टाइप करू द्या, ते कोणत्याबी मशीनवर सारखंच दिसते. त्याच्यासाठी मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड विंडोजमध्येच असते, वेगळा टाकाले नाही लागत. मंग सॉफ्टवेअर कोणतं घ्याचं ते घ्या.

यवतमाळची संगणक शिक्षिका:
भाऊ, फॉन्टचं पटलं. खात्यांचंही पटलं, शाळेचं डोमेन नसेल तर मीही ऑनलाइनचा आग्रह धरणार नाही. पण सर, डॉक्स नेटशिवायही चालतं, ऑफलाइन सुविधा आधी सुरू करून ठेवली तर.

धारणीकडचा मास्तर:
चालतं, पण ती सुविधा नेट असताना, त्या-त्या ब्राउझरमध्ये, त्या-त्या खात्यावर सुरू करावी लागते. आमच्याकडे एका मशीनवर दिवसभरात तीन वर्ग बसतात. वैयक्तिक संगणकावर ठीक आहे, सामायिक मशीनवर जमत नाही. घरच्या फोनसाठी कोलॅबोरा ऑफिस हे अॅप बघा: अँड्रॉइडवर फुकट आहे, नेटशिवाय चालतं, कॅल्कची फाइल तशीच उघडतं. फाइल ब्लूटूथने देता येते. परिषदेत मी हेच मांडणार आहे: शिकवणं मशीनमधल्या ऑफिसवर, आणि ज्या शाळेत नेट टिकतं तिथे आठवीला गटकामापुरतं ऑनलाइन.

यवतमाळची संगणक शिक्षिका:
आठवीच का? सातवीलाही द्या. गटात काम करायची सवय उशिरा लावून काय मिळणार?